ओपन न्यूयॉर्क, क्लोज आर्णी

पहाटेचे साडेपाच. टपरीवरच्या दुधाला अजून उकळी फुटायची होती आणि आमचा भाचा कधीचाच उतू चालला होता.

"मामा, घोटा शंकास्पद हाय."

मी दचकून त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय ठीक होते. चपलाही दोन्ही होत्या.

"कोणाचा घोटा रे?"

"सॅक्रामेंटोच्या गार्डचा."

आर्णीत गार्ड म्हटला की तो वनखात्याचा. हा कॅलिफोर्नियाचा निघाला. बास्केटबॉलमध्ये चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्या चपळ गड्याला गार्ड म्हणतात, हे ज्ञान मला चहाच्या आधी झालं. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात इकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. म्हणजे भाच्याकडे तीन तास होते आणि तेवढ्यात त्याला एका परक्या माणसाचा घोटा वाचायचा होता. आमच्या पिढीने हात वाचणारे पाहिले, कपाळ वाचणारे पाहिले. घोटा वाचणारी ही पहिलीच.

त्याच्या मांडीवर वही होती. वही बापाची. पुढून उघडली की कापूस वेचाईचा हिशोब : कोणी किती किलो वेचला, कोणाला किती दिले, कोणाचे राहिले. मागून उघडली की पोराचा हिशोब : कोण किती गुणांनी हरलं, किती लावले, किती गेले. एकच वही, दोन तोंडं. कागद वाचवण्याची ही सवय त्याने आईकडून घेतली असावी. बाकीचं कोणाकडून घेतलं ते आमच्या घरात कोणी बोलत नाही.

"पैसे लावतोस?" मी विचारलं.

"लावत नाई मामा. विश्लेषण करतो."

पूर्वी जुगारी म्हणायचा, 'स्वप्नात आकडा आला.' तो प्रामाणिक होता. आताचा म्हणतो, 'डेटा पाहिला.' फरक एवढाच की स्वप्नाला इंटरनेट लागत नव्हतं.

*

तरी पोराची मेहनत पाहून मी थक्क झालो. दहावीच्या भूगोलाला याने एवढा वेळ दिला असता तर आज तलाठी झाला असता.

आधी पाहायचं, संघ गेल्या दहा सामन्यांत कसा खेळला. मग घरच्या मैदानावर आहे की बाहेर. घरी असला तर दोन-तीन गुण जास्तीचे धरायचे. मग काल रात्री खेळला होता का. लागोपाठ दोन रात्री खेळणाऱ्याचे पाय दुसऱ्या रात्री जड होतात. एकेका संघाला हंगामात ८२ सामने खेळायचे असतात, त्यामुळे मोठे खेळाडू मधूनच 'विश्रांती' घेतात. मग दुखापतींची यादी. ती संघांना जाहीर करावीच लागते आणि तिच्यात माणसाच्या प्रकृतीला दर्जे असतात : खेळण्याची शक्यता दाट, शंकास्पद, शक्यता कमी, बाद.

"आपल्याकडं असं हाय का?" भाच्याने अभिमानाने विचारलं. जणू ती यादी त्यानेच सुरू केली.

आहे की. आपल्याकडे पिकाची पैसेवारी निघते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पिकाचा घोटा आधी शंकास्पद असतो, मग कमी शंकास्पद, आणि शेवटी साहेब जाहीर करतात की पीक चालतंय, फक्त जरा लंगडतंय. पन्नास पैशांच्या आत आलं तर सवलती, वर गेलं की काही नाही. एकावन्न पैशांचं गाव आणि एकोणपन्नास पैशांचं गाव यांच्यात कधी कधी एक धुरा असतो. दोन्हीकडची पऱ्हाटी सारखीच लाल पडलेली.

म्हणजे रेष ओढायची पद्धत आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त आपल्या रेषेवर पैसे लावता येत नाहीत, पैसे जातात तेवढे.

*

सगळं विश्लेषण संपलं की खरी गोष्ट येते. तिला म्हणतात भाव.

"सॅक्रामेंटो उणे साडेतीन," भाचा म्हणाला.

याचा अर्थ असा : सॅक्रामेंटो जिंकलं म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही. ते चार किंवा जास्त गुणांनी जिंकलं तरच तुमचे पैसे आले. तीनने जिंकलं तर तिकडे संघ नाचेल, प्रेक्षक नाचतील आणि तुम्ही एकटे आर्णीत रडाल. शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या माणसाला या युक्तीचं श्रेय देतात. तो आधी गणिताचा मास्तर होता. १९४०च्या दशकात त्याने सट्टेवाल्यांना शिकवलं की कोण जिंकेल हे विचारू नका, किती फरकाने ते विचारा. मग दुबळ्या संघावरही लोक पैसे लावतात. गणिताच्या मास्तरांना पगार कमी दिला की जगाचं काय होतं, त्याचा हा दाखला.

"पण साडेतीन कसे? बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण असतो?"

"नसते."

"मग?"

"बरोबरी होऊ नाई म्हनून ठेवते."

मला तो अर्धा गुण फार आवडला. मैदानावर तो कोणालाच मिळत नाही. टोपलीत चेंडू पडला की एक, दोन नाही तर तीन. अर्धा कधीच नाही. तरी लाखो माणसं रात्रभर त्याच्या मागे धावतात. फळ्यावर तो लिहिलेला नसतो आणि खिसा मात्र तोच कापतो.

ते अर्धं लक्षात ठेवा. आर्णीत पुन्हा भेटेल.

*

आता पोटाचा हिशोब. अमेरिकेत या पैजेचा साधारण दर असा : ११० लावा, जिंकलात तर १०० मिळवा. हरलात तर ११० गेले. हे वरचे दहा म्हणजे दुकानदाराची कट्टी. कट्टी कोणाला समजावून सांगावी लागत नाही, निदान ज्याने व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस टाकला आहे त्याला तरी नाही.

शंभर वेळा लावा. नाणेफेकीसारखे पन्नास जिंका, पन्नास हरा. आले ५ हजार, गेले साडेपाच हजार. काहीही न करता पाचशे गेले. जिथल्या तिथे राहायचं म्हटलं तरी शंभरात जवळपास साडेबावन्न वेळा बरोबर यावं लागतं. इथेही ते अर्धं आहेच.

"मग तू कितीदा बरोबर येतोस?"

भाच्याने वही मिटली.

"पयल्या महिन्यात एकसष्ट टक्के होतो."

"अन् आता?"

"आता घोटे लय दुखून राह्यले सगळ्यायचे."

मटक्यात तरी सरळ व्यवहार होता. दहा आकड्यांतला एक लावायचा, लागला तर एकाला नऊ. दहातला एक रुपया मालकाचा, हे अंगठाछाप माणसालाही कळत होतं. इथे मालकाने शंभरातले साडेचारच ठेवले, पण तेवढ्यासाठी तुमच्याकडून पीएच.डी. करून घेतली.

*

पोराचा विश्लेषणावरचा विश्वास उडावा म्हणून मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली. सॅक्रामेंटोचीच. आणि आपल्याच राज्यातली.

२०१९चा ऑक्टोबर. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या बड्या लीगचे सामने पहिल्यांदा भारतात झाले. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. हंगामाच्या आधीचे, म्हणजे सरावाचे. सॅक्रामेंटोच का आलं, तर त्याचे मुख्य मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा. पोरवयात शिकायला अमेरिकेला गेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा कमावला आणि २०१३ मध्ये त्यांच्या गटाने हा संघ विकत घेतला. मराठी माणूस धंद्यात मागे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. मात्र त्यांच्या संघाने बाद फेरी न गाठण्याचा विक्रम केला, ओळीने सोळा हंगाम, आणि २०२३ मध्ये कुठे एकदाचा दरवाजा उघडला. मराठी माणूस चिवट असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही वाचावं.

तर ४ ऑक्टोबरला पहिला सामना. गॅलरीत हजारो शाळकरी पोरं. नियमित वेळेत बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला. इंडियाना १३२, सॅक्रामेंटो १३१. एका गुणाचा खेळ.

५ ऑक्टोबरला दुसरा. तेच संघ, तीच लाकडी जमीन, त्याच टोपल्या, मुंबईचा तोच घाम. इंडियाना १३०, सॅक्रामेंटो १०६. चोवीस गुण.

"आता सांग," मी म्हटलं, "चोवीस तासांत काय बदललं? घोटे तेच होते."

भाचा विचारात पडला. मला वाटलं, लागलं औषध.

"मामा, पयल्या दिवशी जादा वेळ खेळले ना, म्हनून सॅक्रामेंटोचे पाय थकले असन."

"आणि इंडियानाचे? ते काय खाटेवर बसून खेळले होते?"

निकाल लागल्यावर कारण सापडत नाही असा सामना अजून जन्मायचा आहे. पोराला मी जे विष म्हणून पाजलं ते त्याने टॉनिक म्हणून घेतलं.

*

वरळी नावापाशी माझी गाडी अडली. कारण सामना वरळीत झाला हा योगायोग असला तरी फार जुन्या ओळखीचा योगायोग आहे.

मुंबईत एक काळ असा होता की न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्याचे शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ते थांबवलं. सट्टेबाजांवर आभाळ कोसळलं. पण १९६२ मध्ये कच्छमधून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचाच खेळ सुरू केला : कापूस नको, न्यूयॉर्क नको, आकडा काढला की झालं. हाच वरळी मटका. दोन वर्षांनी रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका काढला आणि हे मडकं गिरण्यांच्या दारापासून महाराष्ट्रातल्या पानटपऱ्यांपर्यंत पोचलं.

आता जरा आर्णीकडून पाहा. कापूस आपल्या वावरात. भाव न्यूयॉर्कला. सट्टा मुंबईत. जिंकणारा तिसराच. मग एक दिवस सट्टेवाल्यांच्या ध्यानात आलं की या सगळ्यात कापसाची गरजच नाही. खेळातून कापूस वगळला, खेळ आणखी जोरात चालला. शेतकऱ्याला व्यवस्थेतून बाद करण्याचा इतका देखणा प्रयोग पुढे कोणत्याही सरकारला जमला नाही.

अमेरिकेशी आपलं हे नातं त्याहून जुनं आहे. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा कैफ चढला. १८६५ ला तिकडे शांतता झाली आणि इकडे दिवाळी निघाली, ती सणाची नव्हे. तिकडच्या बंदुका थांबल्याने इकडे माणसं बुडाली. त्या मानाने सॅक्रामेंटोचा घोटा म्हणजे किरकोळ प्रकरण.

*

"पण हे बेकायदेशीर आहे, माहीत आहे ना?" मी मामाच्या आवाजात विचारलं.

माहीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत तीन मंजुऱ्या! आमच्याकडे विहिरीच्या अनुदानाच्या फायलीला एवढ्या वेळात दोरी बांधून होत नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला नाही. तो आधीच शिक्षा भोगतोय, हे संसदेनेही ओळखलं असावं.

बंदी आली आणि सट्ट्याचं दुकान भाच्याच्या मोबाइलवरून पळालं. दुसऱ्या दिवशी नाव बदलून परत आलं. आता 'आयडी' मिळते. कोण देतं, कुठे बसतं, ठाऊक नाही. पैसे आधी द्यायचे, मग 'कॉइन' येतात. कॉइनचे पुन्हा पैसे होतात का, यावर भाच्याचं विश्लेषण चालू आहे.

बंदीच्या आधी जुलैत आपल्याच विधिमंडळातला एक व्हिडिओ गाजला होता. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो. असेल. आमच्याही मोबाइलवर येते, आणि बंद करायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी असते. गंमत पुढे आहे. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं काढलं आणि कोणतं दिलं? क्रीडा. ज्याने या बदलाला मंजुरी दिली त्याच्या विनोदबुद्धीपुढे या सदराने कायमचे हात टेकले आहेत.

पण खरा विनोद १८८७च्या जुगार कायद्यात आहे. कायदा मुंबई इलाख्याचा, अजून चालू आहे. टपरीवर चिठ्ठी फाडणाऱ्याला पोलिस उचलतात ते याच कायद्याखाली. पुढच्या दुरुस्त्यांसह त्यात जुगाराचे प्रकार मोजून दिले आहेत. कापसाच्या बाजारभावावर पैसे लावणं. त्या भावातल्या आकड्यांवर लावणं. पाऊस पडेल की नाही यावर लावणं. पाऊस किती पडेल यावर लावणं.

पुन्हा वाचा. सावकाश.

पाऊस पडेल की नाही, किती पडेल आणि कापसाला भाव काय मिळेल. अहो, ही जुगाराची व्याख्या नाही, ही आमच्या भाऊजींची जूनमधली दिनचर्या आहे! बियाण्याची पाकिटं, खत, मजुरी, सगळं धरून ते दरवर्षी नेमकं याच तीन गोष्टींवर पैसे लावतात. बायकोचे दागिने लावतात. पहिली पेरणी हरली तर दुबार लावतात. त्यांच्या अड्ड्यावर अजून धाड पडलेली नाही, कारण अड्डा चार एकरांचा आहे आणि त्याला सरकार शेती म्हणतं.

*

भाच्याचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही.

"मामा, माह्या खेळात निदान भाव आधी सांगते. उणे साडेतीन म्हंजे उणे साडेतीन. मी लावल्यावर बदलत नाई."

खरं होतं. सट्ट्याचा एक धर्म असतो : घेतलेला भाव पाळायचा. बापाच्या खेळात तोही नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ठरला ८,११० रुपये. पेरून झालं, पऱ्हाटी कमरेला आली आणि १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क उठलं. आधी म्हणाले सप्टेंबरअखेरपर्यंत, मग म्हणाले डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ. सामना सुरू झाल्यावर टोपली दोन फूट वर नेली. असं बुकीने केलं असतं तर त्याला लोकांनी बदडलं असतं.

"तुह्या खेळात लबाडी होत नाई?" टपरीवाल्या काकांनी मध्येच विचारलं. काकांना बास्केटबॉल ठाऊक नाही, लबाडी ठाऊक आहे.

होते की. टोरांटोच्या जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बंदी आली. आपली तब्येत कशी आहे ही आतली खबर त्याने सट्टेवाल्याला आधीच पुरवली. मग तीन मिनिटं खेळून बरं वाटत नाही म्हणून बाहेर आला. तो कमी गुण करेल यावर कोणी तरी ८० हजार डॉलर लावून बसलं होतं, अकरा लाख डॉलरच्या आशेने. संशय आला, पैसे अडवले. सामना कोणाविरुद्ध? सॅक्रामेंटोविरुद्ध. तारीख? २० मार्च २०२४.

२० मार्च म्हटल्यावर टपरी जरा गप्प झाली. बरोबर दहा वर्षं आधी, २० मार्च २०१४ ला, याच आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावात 'चाय पे चर्चा' झाली होती. नरेंद्र मोदी तेव्हा पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. चहा झाला, चर्चा झाली, कापसाच्या दिवसांचं बोलणं झालं. त्या दिवशी तालुक्याने काय लावलं आणि काय मिळालं याचं विश्लेषण ज्याचं त्याने करावं. दुधाला एव्हाना उकळी आली होती.

पोर्टरवरून भाच्याला धडा मिळेल असं मला वाटलं. तुम्ही ज्याच्या घोट्याचा अभ्यास करता त्या घोट्याच्या मालकानेच सौदा केलेला असेल तर तुमची वही कोण विचारतो? भाचा म्हणाला, "म्हंजे आतली खबर पायजे." धडा मिळालाच. उलट बाजूने.

*

भविष्य सांगायचंच तर आमच्या विदर्भात रीतसर सोय आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. वावरात वर्तुळात धान्य, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, वडे, विड्याचं पान. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना जाऊन पाहायचं, कोणता दाणा हलला, कोणता जागीच राहिला. त्यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी रागावतात. रागावण्यासारखं आहेच.

पण भेंडवळचा दाणा आणि सॅक्रामेंटोचा घोटा शेजारी ठेवले तर मला दाण्यात जास्त सभ्यता दिसते. तो रात्री हलला की नाही एवढंच सांगतो. पहिली पैज फुकट देत नाही. पहाटे साडेपाचला 'शंकास्पद' म्हणून संदेश पाठवत नाही.

आणि भविष्य चुकलं तर भेंडवळचे वाघ महाराज पुढच्या वर्षी पुन्हा घट मांडतात. भाच्याचं चुकलं तर तो पुढच्या दिवशी दुप्पट लावतो. याला त्यांच्या भाषेत वसुली म्हणतात. बँकेच्या भाषेतही वसुलीच म्हणतात. फक्त दुसऱ्या वसुलीत घरी माणूस येतो.

*

सात वाजता भाऊजी आले. मागे भाड्याची पिकअप, त्यात ताडपत्रीखाली कापूस. पंधरा दिवस घरात ठेवलेला. पलंगाच्या उशाशी, देवघराच्या पायाशी. घरभर खाज सुटली तेव्हा विकायला काढला. गावातला खेडा खरेदीवाला सात हजारांच्या आत मागत होता, म्हणून हमीभावाच्या केंद्रावर निघाले होते. मोबाइलवर नोंदणी झाली होती, तारीख मिळाली होती.

"पोट्ट्या," ते भाच्याला म्हणाले, "तुह्या मोबाइलमदे अमेरिकेतलं सगळं दिसते म्हन्ते. न्यूयॉर्कले कापसाचा भाव काय हाय, पाय बरं. अजून वाढन का, का इकून टाकू?"

भाच्याने शोधला. सापडला. भाव सेंटमध्ये. एका पाउंडाचा. रुईचा, सरकीसकटच्या कापसाचा नव्हे. आता सेंटचे डॉलर, डॉलरचे रुपये, पाउंडाचे क्विंटल, रुईवरून कापूस, त्यातून सरकी वेगळी. जो पोरगा साडेबावन्न टक्के डोळे मिटून काढतो त्याने तीनदा आकडे मांडले आणि तीनदा खोडले.

"बाबा, याचं विश्लेषण कोनी देत नाई."

"जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "चाल, पोतं धराले ये."

दोघं गेले. सामना साडेआठला सुरू झाला असेल. भाचा तेव्हा रांगेत होता.

दुपारी परतले ते कापसासकट. हमीभावाला ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चालतो. यंत्राची पिन कापसात खुपसली, आकडा आला साडेबारा. पहाटे निघताना ताडपत्रीच्या फटीतून दव शिरलं होतं. वाळवून आणा म्हणाले. भाड्याची गाडी दोन्हीकडून भरायची आणि नवी तारीख घ्यायची.

मी सामन्याचं विचारलं नाही. भाच्याने सांगितलं नाही. ओट्यावर बसून भाऊजींनी वही पुढून उघडली आणि गाडीभाडं लिहायला लागले. पानं उलटत गेले तर मध्यावर पोराचं अक्षर लागलं. मागून येणारा हिशोब पुढून येणाऱ्या हिशोबाला भेटला होता, मधे कोरं पान उरलं नव्हतं. भाऊजींनी चष्मा वर केला, पोराची शेवटची ओळ वाचली, 'उणे साडेतीन', आणि काही न बोलता तिच्याच शेजारी उरलेल्या जागेत लिहिलं : 'ओलावा साडेबारा.'

भाचा बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचंई अर्ध्यानंच गेलं."